तालमींच्या मासिक सभांचीही दखल घ्यावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

कोल्हापुरातील तालीम मंडळांच्या बातम्या आपल्या दैनिकात वर्षातून दोन हंगामांत ठळकपणे येतात. एक हंगाम फुटबॉलचा आणि दुसरा गणेशोत्सवाचा. कोणत्या संघाने कोणाला हरवले, मैदानाबाहेर कोणाची हुज्जत झाली, विसर्जन मिरवणूक किती तास चालली, आवाजाची मर्यादा कोणी ओलांडली आणि कोणावर गुन्हा दाखल झाला, हे सारे वाचकांपर्यंत पोचते आणि ते पोचायलाही हवे. मात्र उरलेल्या महिन्यांत तालमीत काय चालते, याविषयी क्वचितच काही छापून येते. त्यामुळे उपनगरांत नव्याने राहायला आलेल्या अनेक कुटुंबांचा ‘तालीम म्हणजे वर्गणी, मिरवणूक आणि मारामारी’ असा समज होऊन बसला आहे. शुक्रवार पेठेतील एका तालीम मंडळाचे सचिवपद मी बरीच वर्षे सांभाळले आहे. त्या नात्याने, तालीम ज्यावर उभी असते त्या मासिक सभेविषयी मला काही सांगायचे आहे.

तालीम ही मुळात कुस्तीची जागा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान पूर्ण झाले, आणि पेठापेठांतील आखाड्यांना त्यामुळे जी उभारी मिळाली तिचे फळ पुढे अनेक पिढ्यांनी चाखले. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे याच मातीत तयार झाले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमींत बाहेरगावचे मल्ल आजही राहून सराव करतात. बाकीच्या बहुतेक तालमींत हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, उतरणारी पोरे आता थोडी राहिली आहेत, हे खरे आहे. तरीही सभासदांची वही रिकामी झालेली नाही, कारण पेठेतला माणूस तालमीशी जोडलेला असतो तो केवळ कुस्तीने नव्हे. आजोबा तालमीचे, वडील तालमीचे, म्हणून नातूही तालमीचा, आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला तरी त्याची वर्गणी घरातून न चुकता येते.

आमची सभा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री, दुकाने बंद करून आणि जेवणे उरकून मंडळी मोकळी झाली की भरते. हौद्याच्या कडेला सतरंजी अंथरली जाते, मारुतीपुढे उदबत्ती लागते, मागच्या सभेचे इतिवृत्त प्रोसिडिंग बुकातून वाचून कायम केले जाते आणि मग खजिनदार जमाखर्च वाचायला घेतात. वीजबिल, पाणीपट्टी, झाडलोट करणाऱ्या मावशींचा पगार, हौद्याच्या मातीत घालण्यासाठी आणलेले तेल, ताक, हळद, लिंबू आणि कापूर, आजारी सभासदाला दिलेली उचल, मांडवाच्या जुन्या बांबूंच्या विक्रीतून आलेले पैसे, असे एकेक कलम मोठ्याने वाचले जाते. भिंतीला टेकून बसलेले एखादे आबा मध्येच “पावती दाखवा की” म्हणतात, आणि पावती हातोहात फिरून त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत पुढचा विषय सुरू होत नाही. हे आबा हमाली करून निवृत्त झालेले असोत किंवा गुजरीतील, म्हणजे सराफ बाजारातील, पेढीचे मालक असोत, सतरंजीवर बसल्यावर पावती मागण्याचा अधिकार दोघांना सारखाच असतो. आपल्या शहरात सामान्य माणसाला दर महिन्याला असा हिशेब विचारता येईल अशा जागा फार नाहीत, म्हणून या अधिकाराला मी फार किंमत देतो.

हिशेबानंतर भिशी होते. प्रत्येकाची ठरलेली रक्कम गोळा झाली की नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकतात आणि सभेला आलेल्या सर्वांत लहान मुलाला चिठ्ठी उचलायला सांगतात. ज्याचे नाव निघते तो माणूस पुष्कळदा रक्कम स्वतः घेत नाही. कोणाच्या घरी मुलीचे लग्न ठरले आहे, कोणाच्या आईचे ऑपरेशन तोंडावर आले आहे, हे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असते. नाव निघालेला सभासद तेवढ्यापुरता आपला नंबर त्याला देतो आणि त्याचा नंबर आपण घेतो. प्रोसिडिंग बुकात याची नोंद एका ओळीत होते, कोणी आभार मानत नाही आणि कोणी आभाराची अपेक्षाही ठेवत नाही. गुजरीतला कारागीर, रिक्षाचालक, भाजीविक्रेता, चप्पल शिवणारा, यांना अडचणीच्या वेळी तारण आणि जामीनदार कोठून आणावेत हा प्रश्न असतो, तेथे पेठेतील ओळख हाच जामीन ठरतो. हप्ते बुडतच नाहीत असे मी म्हणणार नाही, पण बुडवणाऱ्याला त्याच गल्लीतून रोज ये-जा करायची असते आणि तेवढे भान बहुतेकांना पुरते.

सभेत त्यानंतर येणारे विषय कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नसतात. सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखल असलेल्या सभासदाजवळ या आठवड्यात रात्री कोण थांबणार, रक्ताची गरज लागली तर कोणाकोणाला फोन करायचा, दोन भावांच्या सामाईक भिंतीचा वाद कोर्टात जाण्याआधी कोणी समजूत काढायची, दहावीच्या मुलांना अभ्यासासाठी वरची खोली किती वाजेपर्यंत उघडी ठेवायची, हे सगळे तेथेच ठरते. पेठेत कोणी वारले तर तिरडी बांधण्यापासून पंचगंगा स्मशानभूमीपर्यंतची धावपळ तालमीची पोरे करतात आणि रक्षाविसर्जनापर्यंत त्या घराला बाहेरची कामे बघावी लागत नाहीत. फाल्गुनातील सभेत होळी लहान करून वाचलेल्या शेणी (गोवऱ्या) स्मशानभूमीला किती द्यायच्या, हा विषय हमखास असतो. शेणी दान करण्याची ही पद्धत आता शहरातील अनेक मंडळांनी उचलली आहे आणि ती वाढावी असे मला मनापासून वाटते.

पूरकाळात तर या सभेचा उपयोग डोळ्यांनी दिसतो. आमच्या पेठेच्या नदीकडील गल्ल्यांत २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी शिरले. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली की प्रशासन स्थलांतराचे आवाहन करते, परंतु कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत, कोणाची सून दिवस भरत आलेली आहे आणि कोणाची म्हैस दावणीला आहे, याची यादी प्रशासनाकडे नसते. ही यादी आमच्याकडे जुलैच्या सभेत दरवर्षी नव्याने होते. ती वाचताना प्रत्येक नावापुढे त्या घरची जबाबदारी घेणाऱ्या सभासदाचे नाव लिहिले जाते, आणि तो सभासद गावाला जाणार असेल तर त्याने त्याच सभेत बदली माणूस द्यायचा असतो. पाणी वाढल्यावर धावून जाणारी माणसे कोल्हापुरात कधीच कमी पडली नाहीत, हे दोन्ही पुरांत सगळ्यांनी पाहिले. पाणी येण्याआधीची ही यादी मात्र बातमीत येत नाही, आणि ज्यांनी अशी यादी केलेली नाही त्या भागांना तिची माहितीही मिळत नाही.

आणखी एक बाब नमूद करायला हवी. कोल्हापुरातील बाबूजमाल, अवचित पीर, काळाइमाम अशा तालमींच्या नावांतूनच या शहराची वीण दिसते. बाबूजमाल तालमीत मोहरमला बसणाऱ्या नाल्या हैदर पंजाच्या दर्शनाला सर्व धर्मांचे लोक येतात. मोहरम चांद्र वर्षाप्रमाणे मागे सरकत असल्याने साधारण बत्तीस-तेहेतीस वर्षांनी तो गणेशोत्सवाशी जुळतो. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षे हा योग आला, तेव्हा शहरातील काही तालमींत एकाच छताखाली गणपती आणि पंजे विराजमान झाले. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचे नवल वाटते. पेठेतल्या माणसांना त्यात नवल वाटत नाही, कारण आरतीची वेळ कोणती, मोहरमच्या खत्तल रात्रीला रस्ता कोणासाठी मोकळा ठेवायचा, प्रसाद आणि सरबत कोणी वाटायचे, हे अशा ठिकाणी वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून आधीच ठरवलेले असते. सलोख्याच्या मोठमोठ्या परिषदांपेक्षा अशा बैठकीवर माझा अधिक विश्वास आहे.

असे असूनही ही सभाच आता अनेक ठिकाणी विरळ होत चालली आहे आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. काही मंडळांत वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, घाईघाईने बैठक होते. मधल्या काळात व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निर्णय टाकला जातो, त्याखाली अंगठे उमटतात आणि ठराव मंजूर झाला असे समजले जाते. ग्रुपवर पावती मागणारे आबा नसतात, कारण त्यांच्याकडे तसला फोनच नसतो. जेथे जुनी कौलारू तालीम पाडून खाली गाळे आणि वर सभागृह अशी इमारत उभी राहिली, तेथे भाड्याचे उत्पन्न सुरू झाले ही चांगली गोष्ट आहे, पण उत्पन्नाबरोबर पदांसाठी चढाओढही सुरू झाली. सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असलेल्या मंडळाने कार्यकारिणीतील बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो, वर्षाच्या हिशेबांची तपासणी करून घ्यायची असते. सभाच झाली नाही तर बदलाचा ठराव कोठून आणणार? मग वर्षानुवर्षे जुनीच नावे कागदावर राहतात, दोन गट पडतात आणि तालमीच्या दाराला कुलूप लागायची वेळ येते.

मिरवणुकीतील आवाजाच्या भिंती आणि डोळ्यांना त्रास देणारे प्रखर झोत यांवर आपल्या दैनिकात दरवर्षी टीका होते. ती योग्यच आहे. मी इतकेच सांगेन की, एवढा मोठा खर्च महिन्याच्या सभेत सर्वांसमोर मंजूर करून घ्यावा लागला तर तो सहजासहजी मंजूर होत नाही. हृदयविकाराचा त्रास असलेला शेजारी, तान्ह्या बाळाचा बाप आणि सकाळी दूध घालायला उठणारा माणूस त्याच सतरंजीवर बसलेले असतात, आणि त्यांच्या तोंडावर ‘आवाज होऊ दे’ म्हणणे अवघड जाते. आमच्याकडे हलगी, घुमकं आणि कैताळ यांवरच मिरवणूक काढण्याचा ठराव तरुणांच्या विरोधानंतरही झाला, तो दोन सभांत चर्चा होऊन झाला, आणि विरोध करणारी पोरेच पुढे हलगी शिकली. पोलिसांच्या नोटिशीने हे झाले नसते असे माझे मत आहे.

महिलांच्या सभासदत्वाचा प्रश्नही येथे टाळता येणार नाही. आषाढात नदीचे नवे पाणी घेऊन ‘पी ढबाक’च्या तालावर त्र्यंबोलीच्या टेकडीवर जायचे तेव्हा कलश मुली आणि सुवासिनींच्या डोक्यावर असतो, यात्रेचा स्वयंपाक त्याच करतात, महापुरात पोळ्या त्याच लाटतात. मग हिशेब वाचला जातो तेव्हा त्या सतरंजीवर का नसाव्यात? हौद्यात स्त्रियांनी उतरू नये अशी जुनी समजूत काही वडीलधारे पुढे करतात, त्यांच्याविषयी आदर ठेवूनही मला हे कारण पटत नाही, कारण सभा हौद्यात भरत नाही, ती कडेला भरते, आणि हौद्याचे म्हणाल तर आता कोल्हापूर जिल्ह्याच्या मुली कुस्तीत नाव कमावत आहेत. आमच्या मंडळात हा विषय अजून मंजूर झालेला नाही. तो दर सभेत मांडला जातो आणि मंजूर होईपर्यंत मांडला जाईल.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणे एवढेच आहे की महिन्यातून एकदा, आतील पानावर का होईना, तालमींच्या मासिक सभांच्या वृत्तासाठी थोडी जागा राखून ठेवावी. कोणत्या तालमीने पूरयादी तयार केली, कोठे अभ्यासिका सुरू झाली, कोणी रक्तदात्यांची नोंद अद्ययावत केली, कोणी आपला वार्षिक हिशेब फलकावर लावला, एवढ्याच नोंदी त्यात याव्यात. सत्कार, हारतुरे आणि प्रमुख पाहुण्यांची नावे त्यात मुळीच घेऊ नयेत. आपले वृत्त छापून येणार आहे असे कळले की सभा न घेणाऱ्या मंडळांना सभा घ्यावीशी वाटेल, आणि शेजारच्या तालमीने हिशेब लावला असे वाचले की आपणही लावावा असे दुसरीला वाटेल, कारण पेठांमधील ईर्ष्या किती जोरकस असते हे आपणास सांगायला नको. मजकूर मंडळांनी स्वतः लिहून, अध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीनिशी, सभेनंतर आठ दिवसांच्या आत आपल्या कार्यालयात पोचवावा अशी अट घालावी. आमच्या मंडळाच्या वतीने पहिला मजकूर पुढील महिन्यात पाठवण्याची तयारी विद्यमान कार्यकारिणीने दाखवली आहे. आपला वार्ताहर सभेला प्रत्यक्ष बसू इच्छित असेल तर त्यानेही अवश्य यावे.

कळावे.

आपला विश्वासू,
एका तालीम मंडळाचा माजी सचिव
शुक्रवार पेठ, कोल्हापूर