शिक्का महासंघाचा, ताबा संघाचा

संपादक महोदय,
स. न.

पायांना स्की, म्हणजे लांब सपाट पट्ट्या, बांधून उतारावरून हवेत उडी मारण्याच्या स्की-जंपिंग या खेळातील नॉर्वेच्या संघाच्या माजी प्रशिक्षकांवर खेळाडूंच्या पोशाखांत फेरफार केल्याबद्दल 18 महिन्यांची बंदी घातल्याची बातमी आपल्या क्रीडा पानावर चार ओळींत आटोपलेली वाचली. मराठी वाचकाला या खेळाशी काय देणेघेणे, असा विचार त्यामागे असेल तर तो समजण्याजोगा आहे. परंतु हे प्रकरण बर्फापेक्षा मोजमापाचे अधिक आहे, आणि वजनमापे निरीक्षक म्हणून माझी सारी नोकरी काटे तपासण्यात व त्यांना सील लावण्यात गेलेली असल्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

नॉर्डिक स्कीइंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 26 फेब्रुवारी ते 9 मार्च 2025 या काळात नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे झाली. बर्फावरून स्कीवर अंतर कापण्याच्या क्रॉस-कंट्री शर्यती, स्की-जंपिंग आणि या दोहोंचा मिळून होणारा नॉर्डिक कम्बाइन्ड असे तिचे स्वरूप असते. याच शहरात 1997 साली रशियाच्या येलेना व्याल्बे हिने महिलांच्या पाचही शर्यती जिंकल्या होत्या. या वेळी याच शहरात लहानाचा मोठा झालेला योहानेस क्लेबो सहा शर्यतींत उतरला आणि सहाही सुवर्णपदके घेऊन गेला. त्यांतले सहावे, 50 किलोमीटरच्या शर्यतीतले, 8 मार्चला मिळाले. त्याच दिवशी त्याच ग्रानोसेन मैदानावर पुरुषांची मोठ्या टेकडीवरील उड्डाणस्पर्धा झाली आणि यजमानांचा आनंद पार नासला.

नॉर्वेचा मारिउस लिंडविक या स्पर्धेत दुसरा आला होता. परंतु संघाच्या खोलीत शिवणयंत्रावर पोशाखांचे काम चालले असताना पडद्याआडून कोणीतरी गुपचूप टिपलेला व्हिडिओ तोवर बाहेर आला होता आणि ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया व पोलंड यांनी हरकत नोंदवली होती. पोशाखांची शिवण उसवून पाहिल्यावर दोन पायांच्या मध्ये, जांघेच्या भागात, ताठर दोरा घातलेला आढळला. लिंडविक आणि त्याचा सहकारी योहान आंद्रे फोरफांग बाद झाले. स्लोव्हेनियाच्या डोमेन प्रेवत्सचे सुवर्ण कायम राहिले, रौप्य ऑस्ट्रियाच्या यान हॉर्लला आणि कांस्य जपानच्या रयोयू कोबायाशीला मिळाले. पोशाखात जाणूनबुजून फेरफार केल्याची कबुली नॉर्वेच्या संघ व्यवस्थापनाने दुसऱ्याच दिवशी दिली.

एका दोऱ्याने असे काय होते, हा प्रश्न साहजिक आहे. उडी मारणारा खेळाडू ताशी सुमारे 90 किलोमीटर वेगाने उतारावरून सुटतो आणि स्कीचा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा आकार करून हवेवर अक्षरशः पहुडतो. त्या वेळी दोन पायांमधले कापड जितके खाली आणि जितके ताणलेले असेल तितकी हवा त्याला अधिक काळ तोलून धरते. म्हणूनच पोशाख अंगापेक्षा किती सैल असावा, जांघेची शिवण किती उंचीवर असावी, कापडातून दर चौरस मीटरला सेकंदाला किमान 40 लिटर हवा आरपार जावी, असे सगळे नियमात लिहिलेले आहे. मोठ्या टेकडीवर उडीच्या लांबीतल्या एका मीटरला 1.8 गुण मिळतात. पाच परीक्षक शैलीचे गुण देतात खरे, पण त्यांना पंखासारखे पसरलेले शरीर दिसते, आतली शिवण दिसत नाही.

ही ‘व्ही’ शैलीसुद्धा एके काळी नियमांना खुपत होती. स्वीडनच्या यान बोक्लेव्हने 1980च्या दशकात ती आणली तेव्हा परीक्षक त्याचे गुण कापत. तो ते कापून घेत राहिला आणि तरीही 1988-89 चा विश्वचषक जिंकला. ट्रॉनहाइममधल्या शिवणकामाला ‘तांत्रिक कल्पकता’ म्हणणाऱ्यांनी ही तुलना जरूर करून पाहावी. बोक्लेव्हची युक्ती साऱ्या प्रेक्षकांसमोर हवेत चालली होती.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. हे पोशाख स्पर्धेपूर्वी तपासून, त्यांत इलेक्ट्रॉनिक चिप बसवून मंजूर झालेले होते. म्हणजे शिक्का आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा होता. मात्र शिक्का मारल्यावर वस्तू पुन्हा संघाच्याच खोलीत, संघाच्याच शिवणयंत्राशेजारी गेली. बाजारातला काटा पडताळून, तारेत शिशाचे सील ठोकून आम्ही दुकानदाराच्याच हवाली करत असू. सील शाबूत राहायचे आणि तागडीच्या खालून चुंबक किंवा मेणाचा गोळा निघायचा. हे प्रत्येक निरीक्षकाला ठाऊक असते. सील सांगते ते फक्त सील मारण्याच्या क्षणाचे. त्यानंतरचे सांगू शकतो तो ताबा. काटा रोज वापरायचा असल्याने दुकानदाराकडे ठेवण्यावाचून आम्हाला गत्यंतर नव्हते. दोन आठवड्यांत मोजक्याच उड्या मारायच्या असलेल्या पोशाखाबाबत महासंघाची अशी कोणती अडचण होती, हे मला उमगत नाही.

शिवाय हा धोका महासंघाला नवा नव्हता. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक स्पर्धेत जपान, ऑस्ट्रिया, जर्मनी आणि नॉर्वे या चार देशांच्या पाच महिला खेळाडू केवळ पोशाखाच्या मापावरून बाद झाल्या होत्या; साऱ्या टेलिव्हिजनसमोर रडणारी जपानची सारा ताकानाशी अनेकांना आठवत असेल. त्या वेळी जो संशय खेळाडूंवर गेला, तो खरे तर मोजणाऱ्यांच्या पद्धतीवर जायला हवा होता.

शिक्षेचेही पाहा. लिंडविक आणि फोरफांग यांनी आपल्याला काही माहीत नसल्याचे सांगितले आणि ऑगस्ट 2025 मध्ये दोघांनी तीन महिन्यांची बंदी स्वीकारली. ऑगस्टपासून तीन महिने म्हणजे नोव्हेंबर. विश्वचषकाच्या हिवाळी हंगामाला तर सुरुवातच नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होते. पावसाळ्यात आंब्याची आडत बंद ठेवण्याची शिक्षा कोणत्या अडत्याला जाचेल? लिंडविकचे लहान टेकडीवरचे सुवर्णपदक तर त्याच्याकडेच राहिले. त्या उडीच्या वेळी फेरफार झाल्याचा पुरावा नसताना पदक काढून घेणे न्यायाचे ठरले नसते, हे मी मान्य करतो. पण पुरावा का नाही? कारण त्या दिवशीचा पोशाखही रात्रभर कोणाच्या ताब्यात होता, याची विश्वसनीय नोंद नाही. ताब्याची नोंद नसल्याचा फायदा संशयिताला मिळतो आणि भुर्दंड मात्र चौथ्या क्रमांकावर राहिलेल्या प्रामाणिक खेळाडूला पडतो.

‘सगळेच संघ असे करतात’ हा युक्तिवादही या निमित्ताने बराच ऐकू आला. समजा करत असतील. मग संघांच्या सद्‌विवेकावर विसंबलेली व्यवस्था मोडीत काढण्यासाठी याहून सबळ कारण कोणते हवे? क्रॉस-कंट्रीत स्कीला लावायच्या फ्लोरिनयुक्त मेणावर 2023-24 च्या हंगामापासून बंदी आली, तेव्हा ‘आम्ही वापरणार नाही’ या तोंडी हमीवर कोणी भागवले नाही. स्कीची उपकरणाने प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली.

उपाय महासंघाने स्वतःच करून पाहिलेला आहे. प्रकरण उघडकीस आल्यावर हंगामाच्या उरलेल्या काळापुरते प्रत्येक खेळाडूला एकच पोशाख ठेवण्यात आला, तो महासंघाच्या ताब्यात राहिला आणि स्पर्धेपुरताच खेळाडूच्या हाती दिला गेला. ही व्यवस्था अजिंक्यपद स्पर्धांसाठी तरी कायमची असावी, पोशाख परत घेताना व देताना मापे पुन्हा घेतली जावीत आणि दोन्ही नोंदी त्याच दिवशी सर्व संघांना पाहायला मिळाव्यात, एवढीच माझी मागणी आहे. पुढची नॉर्डिक अजिंक्यपद स्पर्धा 2027 मध्ये स्वीडनमधील फालुन येथे होणार आहे. तिच्या नियमपुस्तिकेत पोशाखाच्या मापांबरोबर त्याच्या ताब्याचेही कलम आले किंवा नाही, याची बातमी आपण चारपेक्षा अधिक ओळींत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वजनमापे निरीक्षक, नाशिक