घराबद्दल, आई-बाबांना

ती. बाबा आणि आई,
सा. न.

इथे फ्रान्समध्ये, क्लेर्माँ-फेराँला, घराच्या कागदांवर मागच्या गुरुवारी सही केली आणि तुम्हाला ते दादाकडून कळलं. चुकलंच माझं. तीनदा फोन हातात घेतला, पण आईचा आवाज ऐकून सही करणं जमलं नसतं.

आई, ज्वालामुखीचं मनातून काढून टाक. आमच्या गावाच्या पश्चिमेला सुमारे 80 ज्वालामुखींची रांग आहे खरी, पण शेवटचा स्फोट होऊन जवळजवळ 7000 वर्षं झाली. आता तिथे गाई चरतात. आणि आपलं साताऱ्याचं अंगण तरी कशावर आहे? लाव्ह्यावरच ना! इथलं कॅथेड्रल काळ्या वोल्विक दगडाचं, म्हणजे लाव्ह्याच्याच दगडाचं आहे. पहिल्यांदा पावसात भिजलेलं पाहिलं तेव्हा मला माहुलीचं देऊळच आठवलं, आणि तुझा हात.

बाबा, तुम्ही नकाशा उघडला असेलच. आमचा जिल्हा प्वी-द-दोम, नंबर 63. फ्रेंच क्रांतीनंतर, 1790 मध्ये, जुना ओव्हेर्न प्रांत मोडून जिल्हे पाडले तेव्हा याचं नाव 'माँ-दोर' ठेवायचं चाललं होतं. ऐकायला 'सोन्याचा डोंगर'. इथल्या प्रतिनिधीला धास्ती, की नाव ऐकूनच सरकार कर वाढवेल! म्हणून 1465 मीटरच्या प्वी-द-दोम डोंगराचं नाव दिलं. माझ्या खिडकीतून तो दिसतो.

शास्त्रज्ञ पास्काल इथलाच. त्याच्या सांगण्यावरून त्याच्या मेव्हण्याने 19 सप्टेंबर 1648 ला पाऱ्याची नळी याच डोंगरावर नेली. पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा बराच खाली भरला. उंचावर हवेचा दाब कमी होतो, हे तिथे दिसलं. तुमचं बीपीही डॉक्टर अजून पाऱ्याच्याच यंत्रावर बघतात ना? सकाळची गोळी चुकवायची नाही. 'बरं वाटतंय' हे कारण चालणार नाही.

घर तळमजल्यावर घेतलंय, आईच्या गुडघ्यांसाठी. हीटर आहे, तूरडाळ मिळते, कुकर आहे. डोंगरावर 2012 पासून छोटी रेल्वे जाते, चढायचं नाही. लहानपणी अजिंक्यताऱ्यावर बाबांनी मला खांद्यावर नेलं, आता मी तुम्हाला नेईन.

वरची खोली तुम्ही कोणासाठी बांधलीत ते मला माहीत आहे. तिला कुलूप लावू नका. दर दिवाळीला मी तिथेच झोपणार. आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच्या आधी नको, मी आल्यावरच. तारीख घेऊन ठेव आणि फोनवर सांग, दादाकडून निरोप नको.

तुमची,
चिमी