बिल्डिंगचं वय काय बघताय, पुरात किती दिवस उभी होती ते बघा

मा. संपादक, स.न.वि.वि.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटला ३० वर्षं झाली म्हणून नियमाप्रमाणं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेतलं. आलेले साहेब पंधरा मिनिटं फिरले, जिन्यातला गिलावा नखानं खरवडला, टेरेसवर चहा घेतला आणि आठवड्यात 'इमारत सुस्थितीत' असा कागद आला. २०१९ला आणि परत २०२१ला हीच बिल्डिंग कितीतरी दिवस पाण्यात होती, पार्किंगमधले कॉलम छातीएवढ्या पाण्यात, त्याबद्दल त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. कॉलमला खालच्या बाजूला उभ्या भेगा आहेत, आत सळई गंजून फुगलीय, हे आम्हाला गवंड्यानं सांगितलं!

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट आणि २०२१ला पाणी ५६ फुटांवर गेलेलं. मच्छिंद्री झाली का, म्हणजे पुराचं पाणी पुलाच्या ठरलेल्या खुणेला टेकलं का, म्हणून पुलावर बघायला पळणारी माणसं आपण, पण बंधाऱ्यावर किती फूट झालं की आपल्या पार्किंगमध्ये पाणी येतं हे कुठल्याच कागदावर नाही.

बरं बिल्डिंग टिकली तरी आत राहायचं कसं? मीटरचा बोर्ड पार्किंगमध्ये, पाण्याची मोटर पण तिथंच, म्हणजे लाइट, लिफ्ट, पाणी सगळं एकदम बंद. दोन्ही पुरात शहराला पाणी देणारं शिंगणापूरचं उपसा केंद्रच पाण्यात गेलं आणि ज्यांच्या दारात थेंब नव्हता तेसुद्धा कळशी घेऊन टँकरमागं पळत होते, त्यात शिरोलीला पुणे-बंगळूर हायवे बंद.

भूकंपाचं तर कुणाच्या डोक्यातच नाही. कोयना काय लांब नाही, १९६७चा धक्का आमच्या आईला अजून आठवतो. २००१ला भूज हादरलं तेव्हा अहमदाबादेत पडलेल्या कितीतरी बिल्डिंगी अशाच होत्या, खाली भिंत नाही, नुसत्या कॉलमवर पार्किंग.

महापालिकेनं दर पावसाळ्याआधी जुन्या वाड्यांना धोकादायक म्हणून नोटीस चिकटवण्यावर थांबू नये. पूररेषेतल्या प्रत्येक बिल्डिंगचं ऑडिट करा, वय १० असू दे नाहीतर ४०, आणि फॉर्मात लिहा की पाणी कितव्या फुटाला शिरतं, मीटर आणि मोटर किती उंचीवर आहेत, कॉलमची काय अवस्था आहे, मग ते सगळं ऑनलाइन टाका. फ्लॅटचे दर पडतील म्हणून काहीजण ओरडतील, ओरडू देत.

आमच्या सोसायटीनं मीटरचा बोर्ड यंदा वर जिन्यात घ्यायचं ठरवलंय. वीजवाल्यांची परवानगी आलीय, दोन फ्लॅटवाल्यांची वर्गणी तेवढी राहिलीय.

– एक रहिवासी, शाहूपुरी, कोल्हापूर