भाग्यदेवीची ओळख करून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

मंडळाच्या गणपतीत तुम्हाला मोबाइलवर माझ्या जुन्या चित्राचा फोटो दाखवला, तेव्हा तुम्ही पहिलं विचारलंत, "उन्हात टांगलं नाहीस ना?" तिथपासूनच तुमचे आभार मानायचे आहेत.

लंडनच्या जुन्या बाजारात घेतलेलं ते जलरंगातलं चित्र विकणाऱ्याच्या मते 'नाचणारी बाई' होतं. गोलावर एका पायावर तोललेली, डोळ्यांवर पट्टी, हातात फुगलेलं शीड. ही रोमन लोकांची भाग्यदेवी फोर्तुना, हे तुम्ही सांगितलंत. रोमन मूर्तींत तिच्या हाती सुकाणू आणि फळाफुलांनी भरलेलं शिंग असतं; शीड नंतरचं, रेनेसाँसमधलं, म्हणजे युरोपच्या प्रबोधनकाळातलं. जहाजांवर माल धाडणाऱ्या व्यापाऱ्यांचं नशीबच तेव्हा वाऱ्यावर! तिचं नशीब फिरवणारं चाक मात्र मला दिसलंच नव्हतं. तुम्ही दिवा तिरका धरलात आणि डाव्या कोपऱ्यात त्याचे फिकट आरे उमटले.

आपण लक्ष्मीला चंचल म्हणतो, पण ती निदान रुसून तरी जाते. हिला समोर कोण आहे हेच दिसत नाही. मला बाई आपलीच बरी वाटते.

कागद चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून इतका टिकला. शिडाचा रंग प्रशियन निळा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये लाल रंग करायला गेले, त्यासाठी घेतलेलं पोटॅश (एक क्षार) अशुद्ध निघालं आणि हाती आला निळा. करायला गेले गणपती, झाला मारुती! नशिबाच्या देवीला याहून शोभणारा रंग कुठला? गालांवरचा किरमिजी मात्र उजेडाने उडालाय. जुन्या चौकटीच्या कडेखाली झाकलेली पदराची बोटभर पट्टी अजून लालभडक आहे. ती तुम्ही दाखवलीत तेव्हा पोटात कालवलं.

चौकटवाला कागद 'पांढराशुभ्र' करून द्यायला निघाला होता. तुम्ही अडवलंत. सुट्टीच्या दिवशी मागचा पिवळा पुठ्ठा पापुद्र्या-पापुद्र्याने सोडवलात आणि पैशाचं नाव काढू दिलं नाहीत. आता चित्र आम्लरहित खोक्यात आहे. बाहेर काढलं तरी उजेड पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर जाऊ देत नाही. घरचे म्हणतात, देवघरातही एवढं सोवळं नसतं.

पुठ्ठ्याखाली निघालेली पेन्सिलीची दोन अक्षरं मला लागत नाहीत. फोटो पाठवलाय, सवडीने बघा. आणि दिवाळीच्या फराळाला नाही म्हणू नका.

तुमची,
बाजारातली गिऱ्हाईक