गाडीत पाणी शिरायच्या वाटा

कोल्हापूर
रोहिणी नक्षत्र

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पावसाआधीची धूळवाफ पेरणी उरकली म्हणालीस. म्हणजे मृगापर्यंत आठ-दहा दिवस हातात आहेत, ते गाडीला दे. एटीव्हीच्या, म्हणजे तुझ्या या रानात चालणाऱ्या चारचाकीच्या, पुस्तकात सर्व्हिसचं वेळापत्रक तासांवर आणि किलोमीटरवर दिलेलं असतं. गगनबावड्याकडं पावसाळ्यात ते निम्म्यावर आणून धर. तिथं गाडी चालून कमी झिजते, पाण्यानं आणि तांबड्या मातीनं जास्त. जांभ्याची माती वाळली की पिठासारखी बारीक होते आणि ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. पाणी आणि माती आत शिरायची प्रत्येक वाट शोधून बंद करायची, एवढीच आपली सर्व्हिस समज.

पहिली वाट ब्रीदरची. पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी), मागची गिअरकेस आणि गिअरबॉक्स यांना श्वास घ्यायला एकेक बारीक नळी असते. वैरणीची ट्रॉली घेऊन चढ चढलीस की आतलं ऑईल तापतं, हवा फुगते आणि नळीतून बाहेर पडते. तशीच गरम गाडी ओढ्यात घातलीस की केसिंग एकदम गार होतं, आतली हवा आक्रसते आणि बाहेरचं ओढून घेते. नळीचं तोंड पाण्यावर असेल तर हवा येते, पाण्याखाली असेल तर पाणी. नळी चिखलानं किंवा कुंभारमाशीच्या घरट्यानं बुजली असेल तर पाणी ऑईल सीलच्या, म्हणजे शाफ्टभोवतीच्या रबरी कड्याच्या, ओठातून येतं. मग लोक सील बदलत बसतात आणि दोष नळीचा असतो. प्रत्येक नळी निप्पलवरून काढून तोंडानं हळू फुंकून बघ, हवा विनासायास गेली पाहिजे.

त्या मूळ नळ्या आखूड असतात. 6 मिलिमीटर आतल्या व्यासाचा पेट्रोलचा रबरी होज चार-पाच मीटर आण आणि तिन्ही नळ्या हँडलच्या खांबापर्यंत वर ने. तोंड खाली वळवून सोड, टोकाला छोटा इनलाइन फिल्टर लाव. वाटेत कुठं मोड पडू देऊ नकोस, सायलेन्सरपासून वीतभर तरी लांब ठेव. गाडीवर करण्यासारखी सगळ्यात मोलाची सुधारणा हीच, आणि सगळ्यात स्वस्तही हीच.

पाणी शिरलंय का हे ऑईल सांगतं. डिफरन्शियलचं ऑईल काचेच्या बरणीत काढून उजेडात धर. काळपट पण पारदर्शक असेल तर ठीक. कढीसारखं दिसलं तर पाणी गेलंय. मग एकदा बदलून भागत नाही. नवीन भर, दहा मिनिटं सावकाश फिरव, गरम असतानाच पुन्हा काढ, आणि स्वच्छ येईपर्यंत हेच कर. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी मऊ पेस्ट असतेच, ती पुसून टाक. चिमटीत टोचणारे चकचकीत तुकडे मिळाले तर गाडी उभी कर आणि मला फोन कर. प्लगचं तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वायसर दर वेळी नवं घाल.

इंजिनातच पाणी गेलं असेल तर स्टार्टरला हात लावू नकोस. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढ, एअर बॉक्स रिकामा कर, प्लग कॅपसकट भोकापासून लांब बॉडीला टेकवून अर्थ कर आणि मग क्रँक करून पाणी बाहेर काढ. त्यानंतर ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदल. फोमचा एअर फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, पेट्रोलमध्ये नाही. पेट्रोलनं त्याच्या जोडाचा गोंद सुटतो. पिळायचा नाही, दाबायचा. सावलीत पूर्ण वाळला की फिल्टर ऑईल सगळीकडं सारखं मुरवून जास्तीचं दाबून काढ. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही.

आता एक्सलचे बूट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरची घड्यांची रबरी टोपणं. हे नीट वाच, कारण एवढ्याशा रबरापायी अख्खा एक्सल जातो. हँडल पूर्ण एका बाजूला वळव आणि बुटाच्या घड्या अंगठ्यानं फाकवून बघ. चीर वरच्या कडेला दिसत नाही, घडीच्या तळात असते. चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसची फवारणी दिसली तर बूट फुटलाच आहे. वळताना कटकट आवाज येऊ लागला की उशीर झाला; आतल्या गोळ्यांनी खाच पाडलेली असते आणि नव्या ग्रीसनं ती भरून येत नाही.

बूट बदलायचा तर चाक काढ, हबची स्प्लिट पिन आणि नट काढ, ब्रेक कॅलिपर सोडवून तारेनं टांगून ठेव, होजवर लोंबकळू देऊ नकोस. वरचा बॉल जॉइंट सुटला की हब बाहेर झुकवून एक्सल मोकळा होतो. डिफरन्शियलमधून एक्सल ओढताना सरळ रेषेत एक झटका दे. तिरका ओढलास तर त्याच्या कडेनं सीलचा ओठ कापला जातो आणि एक वाट बुजवताना दुसरी उघडते. बाहेरचा जॉइंट पितळी ड्रिफ्टनं (ठोकायच्या दांड्यानं) आतल्या कड्यावर ठोकून निघतो. सगळं डिझेलमध्ये धू, हवेनं वाळव, गोळ्या फिरवून खड्डे बघ. मग मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस, बुटाबरोबर पुडी येते तेवढं सगळं, अर्धं जॉइंटमध्ये दाबून आणि अर्धं बुटात. धाकटी क्लिप आवळायच्या आधी बुटाच्या ओठाखाली बोथट स्क्रू ड्रायव्हर घालून आतली कोंडलेली हवा सोड, नाहीतर बूट फुगून घासतो. प्लॅस्टिकचा टाय हा घरी येईपर्यंतचाच उपाय आहे. स्प्लिट पिन जुनी वाकवून पुन्हा घालायची नाही.

चाक उचलताना जॅकवर कधी विसंबायचं नाही. आणि टेकू म्हणून जांभ्याचा चिराही घ्यायचा नाही. तो दिसायला भक्कम, पण सच्छिद्र असतो. एका कडेवर भार आला की न सांगता फुटतो. लोखंडी स्टँड किंवा सागवानी, बाभळीचे आडवे-उभे रचलेले ठोकळे घे.

बेअरिंगच्या बाबतीत तू कंपनीच्या पार्टची वाट बघत बसू नकोस. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो आणि तोच त्याचा पत्ता. समजा 6205-2आरएस असेल, तर आतला व्यास 25, बाहेरचा 52, रुंदी 15 मिलिमीटर. हा नंबर इथल्या उद्यमनगरात कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात सांगितला की माल समोर येतो. मागची अक्षरं मात्र विसरू नकोस. 2आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं, ती धुळीला ठीक, चिखलाला नाहीत. ऑईल सीलवरही तीन आकडे असतात: शाफ्ट, बोअर, जाडी. नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, हबला गरम पाण्याचं फडकं गुंडाळ, आणि बाहेरच्या कड्याएवढ्या मापाच्या सॉकेटनं सरळ ठोकून बसव. आतल्या कड्यावर ठोकलंस की गोळ्यांची वाट दबते आणि नवंकोरं बेअरिंग महिन्याभरात गुणगुणू लागतं.

चाक धरणाऱ्या ए-आर्मचे बुश (सांध्यातली नळकांडी) झिजले असतील तर चाक वर-खाली हलवून कळतं. ते मिळाले नाहीत तर गनमेटलचे लेथवर करून घेऊ. जुना बुश आणि शाफ्ट दोन्ही पाठव. माप शाफ्टच्या न झिजलेल्या जागेवर घ्यायचं असतं, ते टर्नरनं स्वतः घेतलेलं बरं. ऑईल इंजिनं आणि कास्टिंगवर वाढलेलं हे गाव आहे. वस्तू हातात दिली की तशीच दुसरी करून देणारी माणसं इथं गल्लीगल्लीत बसली आहेत. कुणाच्या गोदामावर अवलंबून न राहता जगायचं तू ठरवलंस, त्यात उद्यमनगर हा तुझा मोठा आधार आहे.

आता इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडं नेणाऱ्या बेल्टबद्दल. ट्रॉली ओढताना, चढावर आणि चिखलात लो गिअरच. हायमध्ये सावकाश ओढलंस की बेल्ट पुलीवर घसरतो आणि एका जागी जळून तिथं रुंदी कमी होते. मग गाडी निघताना धक्के देते. ओढा ओलांडल्यावर इंजिन ओरडतंय पण गाडी जात नाही असं झालं तर कव्हरमध्ये पाणी आहे. खालचा ड्रेन प्लग काढ, गाडी न्यूट्रलला टाकून थोडं रेस कर, पुलीच्या वाऱ्यानं बेल्ट वाळतो. रुंदी व्हर्निअरनं तीन-चार जागी मोज आणि पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून बघ. नवा बसवताना बाणाची दिशा बघ, पुलीला ग्रीसचं बोट लागू देऊ नकोस. एक बेल्ट आणि तो काढायची हत्यारं सीटखाली कायम असू देत.

टायरमधली हवा पुस्तकाप्रमाणं, या गाड्यांना बहुधा 5 ते 7 पीएसआयच्या आसपास असते. पेट्रोल पंपावरच्या गेजला एवढं कमी माप दिसतच नाही. 0 ते 15 चं गेज वेगळं घे, कारण 5 मध्ये एकाची चूक म्हणजे 20 टक्के. ब्रेकचे पॅड पावसाळ्यात दर पंधरवड्याला बघ, अस्तर 1 मिलिमीटर उरलं की बदल. ब्रेक ऑईल डॉट 4, दर दोन वर्षांनी. हे ऑईल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून उघडलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा नाही.

नट आवळताना केसिंग ॲल्युमिनियमचं आहे हे लक्षात असू दे. एम6 बोल्टला 10 न्यूटन मीटर पुरे, एम8 ला 22 ते 25. जोर लावून आटे गेले की हेलिकॉइल, म्हणजे आट्यांची तारेची गुंडाळी, बसवावी लागते.

विंच (दोरानं ओढायचं यंत्र) आणि दिवे लावायचं म्हणत होतीस. लाव, फक्त प्रत्येक नव्या वायरबरोबर पाण्याला एक नवी वाट मिळते हे धरून चाल. 36 वॅटचा एलईडी बार 3 अँपिअर घेतो, त्याला 5 चा फ्यूज आणि रिले. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच, नाहीतर त्याच्या आधीची वायर घासली तर आग लागेपर्यंत काहीच तुटत नाही. जोड क्रिंप करून, आत गोंद असलेली, तापवली की आक्रसणारी हीटश्रिंक नळी चढव. नुसत्या इन्सुलेशन टेपखाली पाणी साचून तांबं हिरवं पडतं. विंच 2500 पौंडाची पुरे, म्हणजे सुमारे 1130 किलो. तो आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा आहे. दोर जितका ड्रमवर गुंडाळलेला, तितकी ताकद कमी. जड कामाला दोर जास्त सोड आणि पुली लावून दुहेरी ओढ. ड्रमवर निदान पाच वेढे राहू देत. इंजिन चालू ठेव, दोर ताणात असताना त्यावर ओलं पोतं टाक आणि त्या रेषेत कुणाला उभं करू नकोस. झाडाला थेट दोर बांधू नकोस, रुंद पट्टा वापर.

मोठे टायर आणि गाडी उंच करायचं लिफ्ट किट यांना माझा विरोध आहे. मोठ्या टायरनं बेल्टवर आणि एक्सलवर भार वाढतो. लिफ्टनं सीव्ही जॉइंटचा, म्हणजे एक्सलच्या त्याच सांध्याचा, कोन वाढून बूट लवकर फाटतात आणि उतारावर गाडी कलंडायला सोपी होते. तुझं रान सगळं उताराचं. त्या पैशात पोटाखाली 4 मिलिमीटरची ॲल्युमिनियम प्लेट करून घे, ड्रेन प्लगसमोर भोकं ठेवून. दर महिन्याला ती काढून वरची माती खरवड, ती ओली राहून फ्रेम गंजवते.

धुताना साध्या पाइपनं धू. प्रेशर वॉशरची धार बेअरिंग, सील, रेडिएटर आणि वायरींच्या जोडांवर मारली तर वर्षभराचं पाणी एका मिनिटात आत घालशील. रेडिएटर मागून पुढं धुवायचा, म्हणजे माती आल्या वाटेनं परत जाते. धुतल्यावर पाच मिनिटं ब्रेक दाबत फिरव, मगच शेडमध्ये लाव. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेव. बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दाखवायला हवी, 12.2 म्हणजे निम्मी उतरली.

जुनं ऑईल ओढ्यात सोडू नकोस, गोठ्याच्या लाकडालाही चोपडू नकोस. तुझा ओढा कुंभी नदीला मिळतो आणि कुंभी पंचगंगेला. कॅनमध्ये साठव, येताना घेऊन ये, उद्यमनगरात घेणारे आहेत. खंडेनवमीला हत्यारं पूजेला काढतेस, तेव्हा पूजेआधी पावसाळ्यानंतरची तपासणी करून टाक: सगळी ऑईलं, सगळे बूट, सगळ्या नळ्या.

उद्याच्या एसटीनं पार्सल पाठवतोय. त्यात होज पाच मीटर, इनलाइन फिल्टर तीन, बुटाचे दोन सेट क्लिपांसह, मॉली ग्रीस, स्प्लिट पिनांचं पाकीट आणि ड्रेन प्लगची वायसरं आहेत. बेअरिंग पाठवलं नाही, कारण नंबर तुझ्याकडं आहे. पुढचं उजवं चाक हातानं फिरवून बघ. घरघर लागली तर नंबर वाचून कळव, मागची अक्षरं सोडू नकोस.

तुझे,
बाबा