मांजराच्या ताटलीतले टॉरिन

महोदय,

मांजर म्हटले की दूधभात, ही आपल्याकडची समजूत इतकी जुनी आहे की ती तपासून पाहावी असे मलाही कधी वाटले नव्हते. मी तर स्वतःला त्यापुढचा समजत होतो, कारण आमच्या नऊ वर्षांच्या मनीला रोज ताजे चिकन उकडून, काटेकोरपणे हाडे काढून, भातात कालवून मिळत असे. गेल्या उन्हाळ्यात ती एका रात्री तोंड उघडून धापा टाकू लागली. कुत्रा उकाड्याने तसे करतो, पण शांत बसलेल्या मांजराने केले तर ते धोक्याचे लक्षण असते, हे मला दवाखान्यात कळले. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढल्यावर हृदयाचा डावा कप्पा ताणला जाऊन त्याचे आकुंचन मंदावल्याचे दिसले. त्यानंतर डॉक्टरांनी विचारले, ‘‘चिकन उकडलेले पाणी कुठे जाते?’’ ते आमच्याकडे कधी सूपमध्ये जाई, बहुतेकदा मोरीत.

मांजराच्या हृदयाला आवश्यक असलेले टॉरिन हे अमिनो आम्ल पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे मांस उकडताना त्याचा बराचसा भाग पाण्यात उतरतो. उरलेल्या मांसात दुप्पट भात मिसळला की ताटलीत ते आणखी विरळ होते, कारण धान्यात ते जवळपास नसतेच. माणसाचे शरीर ते स्वतः बनवू शकते. मांजराला ते फारच थोडे बनवता येते आणि पित्ताम्लांशी (चरबी पचवायला मदत करणाऱ्या पित्तातील आम्लांशी) जोडण्यासाठी आपले शरीर वापरते ते ग्लायसिन हे दुसरे अमिनो आम्लही त्याला चालत नाही, टॉरिनच लागते. म्हणून त्याचा साठा सतत खर्च होत राहतो आणि तो अन्नातूनच भरून निघावा लागतो. दुधात ते अगदी कमी असते. तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांत, माशांत, कोंबडीच्या तंगडीत व हृदयात ते भरपूर असते. मी मात्र छातीचे बोनलेस मांस पैसे मोजून आणत होतो, ज्यात ते तंगडीपेक्षा बरेच कमी असते!

याचा शोध काही कालचा नाही. टॉरिनच्या अभावाने मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मांजरांतील हृदय ताणले जाण्याच्या विकाराचा संबंध रक्तातील कमी टॉरिनशी आहे आणि ते पुरवल्यास हृदय पुष्कळ अंशी सावरते. विशेष म्हणजे त्यांतील अनेक मांजरे कारखान्यात तयार झालेले खाद्यच खात होती. त्यानंतर उत्पादकांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि हा विकार बराच कमी झाला.

मात्र मांजराच्या प्रत्येक हृदयविकाराचे खापर ताटलीवर फोडणे चुकीचे ठरेल. आज त्यांच्यात सर्वाधिक आढळतो तो हृदयाची भिंत जाड होण्याचा विकार; मेन कून जातीत त्यामागचा एक जनुकीय दोष २००५ मध्ये सापडला आहे आणि टॉरिन दिल्याने तो बरा होत नाही. म्हणूनच कोणी सांगितले म्हणून परस्पर पावडर चारण्याऐवजी इको करून विकार कोणता ते आधी पाहावे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. मनीचे पथ्य ठरल्यावर मी जवळच्या दुकानात मांजराचे खाद्य मागितले, तेव्हा दुकानदाराने उघड्या गोणीतून ते साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मोजून दिले. पिशवीवर ना नाव, ना घटक, ना मुदतीची तारीख. हे कुत्र्याचे तर नाही ना, असे विचारल्यावर ‘‘दोघेही खातात, काही होत नाही’’ असे उत्तर मिळाले. कुत्र्याच्या खाद्यात मांजराला पुरेल इतके टॉरिन असेलच असे नाही, आणि घरी कुत्रा-मांजर दोन्ही असले की एकच गोणी आणणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. संबंधित खात्याने अशा सुट्या विक्रीसाठी निदान प्राण्याचे नाव, घटक आणि मुदत लिहिलेली चिठ्ठी सक्तीची करावी. तोवर मूळ पाकीट दाखवा असे दुकानदाराला सांगण्याचा संकोच ग्राहकांनी करू नये. मी आता तेच करतो, आणि चिकनचे पाणीही मोरीत जात नाही.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई