पाणी येणार, पण कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ताणमुक्त जगण्याच्या दहा सवयींचा लेख वाचला. ‘रात्री दहाला झोपा, पहाटे पाचला उठा’ ही त्यातली पहिलीच सवय, आणि मी तिथेच अडले. आमच्या भागात नळाला सहाव्या-सातव्या दिवशी पाणी येते. ते रात्री अकराला येईल की पहाटे चारला, हे सोडणाऱ्यालाच ठाऊक. त्या रात्री घरातल्या एका बाईने जागायचे. बाईनेच का, ते विचारू नका, त्यासाठी वेगळे पत्र लिहावे लागेल. मी तोटी उघडी ठेवते आणि खाली स्टीलचे ताट पालथे घालते. धार पडली की ताट वाजते. मग मोटार लावायची, आधी हौद, मग वरची टाकी, मग ड्रम आणि कळशा. दीडेक तासाची धावपळ असते.

त्या धावपळीने मी दमते, पण चिडत नाही. चिडचिड होते ती पाणी आलेच नाही त्या रात्रीची. काम तर काहीच केलेले नसते, तरी सकाळी अंग ठेचल्यासारखे होते आणि सुनेवर उगाच डाफरले जाते. मागच्या वर्षी रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी विचारले, “कसले टेन्शन आहे का?” मी म्हणाले, “कसले असणार? मुलांची लग्ने झाली, पेन्शन वेळेवर येते.” पाणी हे उत्तर मला सुचलेच नाही, ते टेन्शनमध्ये मोडते असे कधी वाटलेच नव्हते.

टेन्शन म्हटले की आपल्याला मोठ्या गोष्टी आठवतात. होम्स आणि राहे या दोन अमेरिकी डॉक्टरांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या 43 घटनांची यादी करून प्रत्येकीला ताणाचे गुण दिले होते. जोडीदाराच्या मृत्यूला 100, घटस्फोटाला 73, लग्नाला 50. सुटीला 13 आणि नाताळालासुद्धा 12. आमच्या घरात यादी केली असती तर दिवाळीच्या फराळाला याहून जास्त पडले असते, ते सोडा. पण ‘पाणी आज येईल का’ असली रोजची बारीकसारीक टोचणी त्या यादीत बसत नाही. पुढे संशोधकांनी या टोचण्याही मोजल्या. तब्येतीच्या तक्रारींशी त्यांचे नाते मोठ्या घटनांपेक्षाही जवळचे निघाले.

लंडनमधला 2016 चा एक प्रयोग वाचून तर मला आमचा नळच आठवला. 45 जणांना संगणकावर दगड दाखवायचे आणि खाली साप आहे का, हे ओळखायला सांगायचे. साप निघाला की हाताला विजेचा झटका, चांगला दुखेल असा. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या, तेव्हा सर्वांत जास्त ताण दिसला तो झटका बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी होती तेव्हा. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना माणसे त्यापेक्षा शांत होती.

कुत्रा मागे लागला की छाती धडधडते, रक्तात साखर वाढते, पायांना बळ येते. ते त्या दोन मिनिटांसाठी कामाचे असते. कुत्रा येईल की नाही याची रात्रभर वाट पाहायची असेल, तर शरीर रात्रभर कंबर कसून बसते.

माझे माहेर मोसंबीचे. झाडाला ‘ताण देणे’ हा शब्द मी टेन्शनच्या कितीतरी आधी ऐकला. आंबे बहार, म्हणजे मोसंबीचा थंडीनंतरचा फुलोरा, धरायचा तर थंडीत बागेचे पाणी तोडतात. जमीन हलकी असेल तर कमी दिवस, भारी असेल तर जास्त. पाने किती सुकली, किती गळली, हे वडील रोज सकाळी पाहून येत. मग ठरल्या वेळी ताण तोडायचा. पहिले पाणी बेताचे, नंतर भरपूर, आणि झाड फुलाने लगडते. 2012-13 च्या दुष्काळात जालन्याकडे बागांना असाच ताण बसला, पण तो कुणी दिलेला नव्हता आणि तो कधी तुटणार हेही कुणाला ठाऊक नव्हते. लोकांनी वाळलेल्या मोसंबीवर कुऱ्हाड चालवली.

माणसांचेही तसेच. मार्च 2021 मध्ये पुण्यात एमपीएससीची मुले रस्त्यावर उतरली, ती अभ्यासाला कंटाळून नव्हे. आधीच अनेकदा हललेली परीक्षेची तारीख तोंडावर पुन्हा पुढे ढकलली म्हणून. माझ्या सुनेला कचेरीतल्या कामाचा त्रास वाटत नाही. रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ‘उद्या लवकर या’ची धास्ती असते. तो निरोप महिन्यातून तीनदाच येतो, पण फोन ती तीसही रात्री उशाशी घेते.

लेखाखाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिलात, ते चांगले केलेत. मोफत आहे, मराठीत बोलता येते, ज्याला गरज आहे त्याने जरूर फिरवावा. दीर्घ श्वासालाही माझी ना नाही, ताट वाजायची वाट पाहताना मी तेच करते. पण दहाच्या दहा सवयी ताण सोसणाऱ्याने लावून घ्यायच्या आणि तारखा, निरोप, पाणी ज्यांच्या हातात आहे त्यांना एकही नाही, हे वाचून थोडा रागच आला. पाणी सात दिवसांनी येते, ही तक्रार मी आज करत नाही. धरण, जलवाहिन्या, वीज, सगळ्यांच्या अडचणी असतील. सातव्या दिवशी किती वाजता, एवढे सांगायला मात्र नवी जलवाहिनी लागत नाही.

आपल्या दैनिकात सोन्या-चांदीचा भाव आणि सूर्योदयाची वेळ रोज येते. त्याच कोपऱ्यात कोणत्या भागाला किती वाजता पाणी सोडणार, ते संबंधितांकडून मिळवून छापता आले तर पाहा. आणि दिलेली वेळ चुकली, तर दुसऱ्या दिवशी तेही छापा.

आपली नम्र,
एक वाचक, मराठवाडा
(कृपया नाव छापू नये. सूनबाईंच्या कचेरीतही आपलाच पेपर येतो.)